सह्या सगळ्यांच्या, हप्ता एकाचा

गृहकर्ज मंजूर झाले की बँकेत एका बैठकीत पन्नासेक सह्या कराव्या लागतात. त्या गठ्ठ्यात एक कागद विम्याचा असतो. ‘हा तुमच्या कर्जाच्या सुरक्षेसाठी’ एवढेच कानावर पडते. प्रीमियमची रक्कम आधीच कर्जात मिळवलेली असते, आणि पन्नास लाख मागायला गेलेला माणूस साडेएक्कावन्न लाखांचा देणेकरी होऊन बाहेर येतो. त्या घटकेला कोणी हुज्जत घालत नाही. बिल्डर पैशांची वाट पाहत असतो, उपनिबंधकाकडे सेल डीडची वेळ घेतलेली असते.

माझे म्हणणे असे, की गोव्यात ज्याच्या मागे बायकामुले किंवा थकलेले आईवडील आहेत, त्याने कर्जाइतका आयुर्विमा काढल्याशिवाय कर्जाला हात लावू नये. मात्र तो विमा शक्यतो त्या गठ्ठ्यातला नसावा, आणि प्रीमियम कर्जात मिसळण्याची ही रीत तर बंदच व्हावी.

‘गोव्यात’ हा शब्द मुद्दाम घातला. इतर ठिकाणी लोक एक सोपा हिशेब मांडतात: वाईट वेळ आलीच तर फ्लॅट विकू, बँकेचे देऊन टाकू, उरेल ते घरच्यांना. आपल्याकडे हा हिशेब तितका सरळ सुटत नाही. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर इथे नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली ही व्यवस्था आहे, आणि वारसाहक्काचा भाग आता २०१२च्या गोवा वारसा व इन्व्हेंटरी कायद्यात आला आहे. फ्लॅट एकट्याच्या नावावर घेतला तरी निम्मा जोडीदाराचा. बँक दोघांच्या सह्या घेते ती त्यामुळेच. नवरा गेला की निम्मे घर बायकोचे राहते आणि त्याचे निम्मे मुलांकडे जाते. मुले विवाहित असतील तर विक्रीच्या कागदावर सुना-जावयांच्याही सह्या लागतात. मुले अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असतील तर त्यांचा वाटा विकायला न्यायालयाची परवानगी हवी. आणि ऐन कर्जाच्या काळात गेलेल्या माणसाची मुले बहुधा अज्ञानच असतात. त्याआधी वारसांची घोषणा, मग इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची न्यायालयीन प्रक्रिया, एखादा वारस लंडनला किंवा दोह्यात असला तर त्याचे मुखत्यारपत्र.

बँकेला यातल्या कोणाच्याही संमतीची गरज नसते. हप्ता ९० दिवस थकला की कर्ज अनुत्पादित (एनपीए) ठरते, न्यायालयात न जाता तारण विकू देणाऱ्या २००२च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस निघते आणि मुदत संपली की बँक ताब्याकडे वळू शकते. म्हणजे घरच्यांचे कागद नोटरी आणि न्यायालय यांच्यात फिरत असताना बँकेचे काम पाच महिन्यांवर येऊन ठेपते. गोव्यातले घर ही भरभक्कम मालमत्ता असते, पण अडीअडचणीला उभा राहणारा पैसा नसतो. विम्याची गरज आहे ती या मधल्या काळासाठी.

ज्याच्या मागे कोणी अवलंबून नाही, त्याची गोष्ट वेगळी. अविवाहित आहे, आईवडिलांचे स्वतःचे घर आणि पेन्शन आहे, कर्ज एकट्याच्या सहीवर आहे, अशा माणसाने मृत्यूच्या विम्यावर पैसे घालू नयेत. वारसांची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. पदरचे घालून कोणी बँकेचे फेडायला बांधील नसतो. पण आईने किंवा वडिलांनी सहकर्जदार वा जामीनदार म्हणून सही केली असेल तर हे सगळे उलटते. तेव्हा तेच पूर्ण कर्जाला बांधले जातात. ही सही कोणत्या नात्याने झाली आहे, ते कर्जाच्या करारात पाहून घ्यावे. ‘नुसती सही’ असा प्रकार बँकेत नसतो.

आता गठ्ठ्यातल्या त्या कागदाकडे येऊ. तो बहुतेक वेळा गट आयुर्विमा असतो. मूळ पॉलिसी बँकेच्या नावाने असते आणि कर्जदाराला मिळते ते फक्त प्रमाणपत्र. प्रीमियम एकरकमी, विम्याची रक्कम वर्षागणिक घटती, आणि दाव्याचा पैसा आधी बँकेत. कर्ज घटते तसा विमा घटतो, हे ऐकायला रास्त वाटते. पण कर्ज घटते कसे ते आधी पाहावे. ५० लाखांचे कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षे मुदत, तर हप्ता ४३,३९१ रुपये. पाच वर्षे तो इमानाने भरल्यावर ४४ लाख बाकी असते. दहा वर्षांनी, म्हणजे निम्मी मुदत उलटल्यावर, ३५ लाख. पंधरा वर्षांनीसुद्धा २१ लाखांवर. ‘दहा वर्षे झाली, आता काय राहिलेय’ म्हणून विमा सोडून देणारे इथेच फसतात.

खरी मेख प्रमाणपत्राच्या मागच्या तक्त्यात आहे. कोणत्या वर्षी किती रक्कम मिळेल हे त्यात छापलेले असते, आणि तो तक्ता एक ठरावीक व्याजदर धरून केलेला असतो. कर्ज मात्र तरत्या, म्हणजे बदलत राहणाऱ्या दराचे. ऑक्टोबर २०१९पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे उसने देते तो) बाहेरच्या दराला जोडलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून ६.५वर गेला. अशा वेळी बँका बहुधा हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवतात. त्याचे काय होते ते आकड्यांत पाहा. ७ टक्क्यांनी घेतलेल्या ५० लाखांचा २० वर्षांचा हप्ता ३८,७६५ रुपये. सुरुवातीलाच दर ८.५ झाला आणि हप्ता बदलला नाही, तर २४० महिन्यांचे कर्ज ३४७ महिन्यांवर जाते. जवळजवळ २९ वर्षे. पाचव्या वर्षअखेर बाकी राहते साडेसत्तेचाळीस लाख, आणि ७ टक्क्यांच्या तक्त्यात विमा उरलेला असतो ४३ लाख १० हजार. चार लाखांवर तफावत. विसाव्या वर्षी विमा संपतो, कर्ज पुढे नऊ वर्षे चालू. दर ९.५वर गेला तर पहिल्या महिन्याचे व्याजच ३९,५८३ होते, म्हणजे हप्त्यापेक्षा जास्त. मग मुदत लांबवायलाही जागा उरत नाही. ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे की दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही थोडे थोडे, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी. ज्याच्याकडे घटता विमा आहे त्याने झेपेल तेवढा हप्ताच वाढवून घ्यावा.

प्रीमियम कर्जात मिळवला की त्यालाही व्याज लागते. दीड लाखाचा प्रीमियम ८.५ टक्क्यांनी २० वर्षांच्या कर्जात गेला तर महिन्याला सुमारे १,३०२ रुपये पडतात. एकूण ३ लाख १२ हजार. वर कराचा फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, गट विम्यावरचा १८ टक्के तसाच राहिला. त्या दीड लाखातले जवळपास २२,९०० रुपये नुसते कराचे, आणि त्यांच्यावरही वीस वर्षे व्याज! त्यातून कर्ज दुसऱ्या बँकेत नेले किंवा वडिलोपार्जित भाटाचा (नारळाच्या बागायतीचा) वाटा विकून ते मुदतीआधी फेडले, तर आगाऊ भरलेल्या प्रीमियमपैकी किती परत मिळेल हे प्रमाणपत्रातले सूत्र ठरवते. मागितल्याशिवाय तो परतावा बहुधा कोणी हातात आणून देत नाही.

याऐवजी साधा टर्म विमा काढावा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा. रक्कम शेवटपर्यंत तेवढीच राहणारी, प्रीमियम वर्षाला भरायचा, नॉमिनी जोडीदार. दाव्याचा पैसा थेट घरी येतो. कंपनी इन्व्हेंटरी संपण्याची वाट पाहत नाही. मग कर्ज एकदम फेडायचे, की काही भाग भरून हप्ता उतरवायचा आणि बाकी मुलांच्या शिक्षणाला ठेवायची, हे घरचे ठरवतील. बँकेच्या विम्यात ते बँकेने ठरवून टाकलेले असते. कर्ज ५० लाखांचे असेल तर एकच मोठी पॉलिसी न घेता दोन घ्याव्यात: एक कर्जाएवढी, एक घरखर्चासाठी. पुढे कर्ज आटले की पहिलीचा प्रीमियम थांबवता येतो, दुसरीला धक्का लागत नाही. मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा चार-पाच वर्षे जास्त धरावी. कारण वर दिलेच आहे. प्रीमियम परत देणारा टर्म विमा घेऊ नये. तिथे आपलेच जास्तीचे पैसे वीस-पंचवीस वर्षांनी जवळपास बिनव्याजी परत मिळतात. कंपनीने नोकरीसोबत दिलेला गट विमा या हिशेबात धरू नये, तो नोकरीबरोबर जातो.

दोघे कमावते असतील तर दोघांचा विमा हवा. बँकेच्या कागदात पुष्कळदा पहिल्या कर्जदाराचाच विमा असतो, आणि तो बहुधा नवरा. हप्त्याचा निम्मा भार बायकोच्या पगारावर असेल तर ती गेल्यावर विम्यातून एक पैसाही येत नाही. नोकरी न करणारी गृहिणी असली तरी तिच्या मागे मुलांना सांभाळायला माणूस ठेवावे लागते. तो खर्च हप्त्याच्याच पैशातून निघतो.

बँकेचा विमा प्रत्येकासाठी वाईट, असे नाही. वय पन्नाशीकडे झुकलेले, मधुमेह, एकदा अँजिओप्लास्टी झालेली, अशा माणसाला स्वतंत्र टर्म विमा नाकारला जातो किंवा भरमसाट महाग पडतो. काही गट योजनांत ठरावीक रकमेपर्यंत वैद्यकीय तपासणीशिवाय विमा मिळतो. टॅक्सीवाला, शॅकवाला, मासळीचा धंदा करणारा, ज्याच्याकडे आयकराची विवरणपत्रे नाहीत, त्याला टर्म विमा कंपन्या मोठी रक्कम देत नाहीत, कारण रक्कम कागदोपत्री उत्पन्नावर ठरते. अशांनी गठ्ठ्यातला विमा जरूर घ्यावा. फक्त प्रीमियम कर्जात न घालता आपल्या खात्यातून वेगळा भरावा आणि मुदत पूर्ण कर्जाची मागावी. प्रीमियम कमी दिसावा म्हणून वीस वर्षांच्या कर्जाला पाच किंवा दहा वर्षांचाच विमा लावलेला असतो. ते प्रमाणपत्राच्या पहिल्या पानावर दिसते, पण बघतो कोण? पन्नाशीच्या आतल्यांना बँक खात्यावर वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांची जीवनज्योती आणि सत्तरीपर्यंत २० रुपयांत २ लाखांची अपघाती सुरक्षा विमा योजना मिळते. कर्जापुढे ही रक्कम किरकोळ, पण पहिले चार-पाच हप्ते तरी त्यातून निघतात.

आरोग्याच्या घोषणापत्राबद्दल सर्वांनाच सांगायचे आहे. गट विम्यात हा फॉर्म बँकेतला कर्मचारीच भरतो आणि सगळीकडे ‘नाही’वर खूण करतो. रक्तदाब नाही, साखर नाही, तंबाखू नाही, मद्य नाही. गोव्यात शेवटचे ‘नाही’ वाचून दावा तपासणारा हसत असेल! दावे नाकारले जातात ते बरेचदा या खुणांवरून. रुग्णालयाच्या जुन्या केसपेपरवर ‘मधुमेह, सहा वर्षे’ असे लिहिलेले निघते आणि फॉर्मवर ‘नाही’ असते. १९३८च्या विमा कायद्याच्या कलम ४५प्रमाणे तीन वर्षे उलटल्यावर कंपनी अशा कारणावरून पॉलिसीला आव्हान देऊ शकत नाही, पण पहिल्या तीन वर्षांत देऊ शकते. फॉर्म स्वतः भरावा, गोळ्यांची नावे लिहावीत, भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवावा. प्रीमियम थोडा चढेल, चढू द्यावा.

इथवर सगळे मृत्यूचे झाले. पण गोव्यात हप्ते थांबतात ते माणूस गेल्यामुळेच असे थोडेच आहे? सप्टेंबर २०१२मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजची नूतनीकरणे रद्द केल्यावर मार्च २०१८मध्ये परत थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या ट्रकमालकांचे, बार्जवाल्यांचे, गॅरेजवाल्यांचे हप्ते अडकले. सगळे धडधाकट होते. आयुर्विम्यातून त्यांना काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

यावर उपाय म्हणून ‘नोकरी गेल्यास हप्ता आम्ही भरू’ असा जोड विमा विकला जातो. त्याची कलमे वाचली की विकत घेण्याची हौस फिटते. बहुधा तीनच हप्ते मिळतात. सुरुवातीचे काही महिने दावा करता येत नाही. नोकरी पगारी आणि कायम असावी लागते. राजीनामा चालत नाही, मग तो मागून घेतलेला असला तरी. कामगिरीवरून काढले तरी नाही. कराराची मुदत संपली तर मुळीच नाही. आता गोव्यातले कर्जदार डोळ्यांपुढे आणा. बोटीवर जाणाऱ्याचा करार सहा-नऊ महिन्यांचा, दोन करारांमधले महिने बिनपगारी, आणि पाठीच्या दुखण्याने वैद्यकीय तपासणीत नापास झाला तर पुढचा करारच नाही. हॉटेलातला मुलगा हंगामी, पावसाळ्यात घरी. टॅक्सीवाला, ट्रकवाला स्वतःचा मालक. यातला एकही त्या व्याख्येत बसत नाही. हा जोड विमा गोव्यासाठी बनलेला नाही, आणि इथे तो विकणे मला तरी लबाडीच वाटते.

या जोखमीला विमा लागत नाही, शिल्लक लागते. सहा हप्त्यांएवढी रक्कम बाजूला असावी. धंदा पर्यटनाचा असेल तर नऊ. जून ते सप्टेंबर हे चार महिने दरवर्षी येतातच, त्यात चवथीचा (गणेशचतुर्थीचा) खर्च असतो, त्यामुळे सहा हप्त्यांतले चार तर अपघाताचे नसून ठरलेलेच. काही बँका ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे गृहकर्ज देतात. हंगामातला जास्तीचा पैसा त्या खात्यात ठेवला की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि पावसात तोच काढून हप्ता भरता येतो. दर किंचित जास्त असतो, पण अनियमित कमाईवाल्याला ही सोय कोणत्याही जोड विम्यापेक्षा उपयोगी. तरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर आगाऊ फेडीचा दंड नसतो, हेही लक्षात ठेवावे.

विम्याच्या कक्षेत येते पण लोक विसरतात ते अपंगत्व आणि मोठे आजारपण. दुचाकीच्या अपघातात कायमचे जायबंदी झालेला माणूस हप्त्याच्या दृष्टीने मृत माणसापेक्षा अवघड जागी असतो. कमाई थांबते आणि खर्च वाढतो. वैयक्तिक अपघात विमा तुलनेने स्वस्त असतो आणि त्यात कायमच्या पूर्ण व अंशतः अपंगत्वाची भरपाई असते. तात्पुरत्या अपंगत्वात आठवड्याला ठरावीक रक्कम देणारी पॉलिसी मिळाली तर तीच घ्यावी. गंभीर आजाराच्या विम्यात बहुधा पहिले ९० दिवस दावा चालत नाही आणि निदानानंतर ३० दिवस रुग्ण जगावा लागतो. ही अट घरातल्या सगळ्यांना माहीत असलेली बरी. बँक जो घराचा आगीचा विमा घ्यायला लावते तो भिंतींचा आहे, हप्त्याचा नाही. दोन्ही कागद एकाच पाकिटात येतात म्हणून घोटाळा होतो.

आता बँकांच्या वागण्याबद्दल. कर्ज देणे आणि विमा घेणे यांचा संबंध जोडू नये, ग्राहकाचा सहभाग निव्वळ ऐच्छिक असावा, असे रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात. १ ऑक्टोबर २०२४पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी महत्त्वाच्या तथ्यांचे पत्रक देणे सक्तीचे आहे, आणि बँकेने वसूल केलेला विम्याचा खर्च त्यातल्या वार्षिक दरात धरून वेगळा दाखवावा लागतो. नियम चांगले आहेत. पण सही करताना पुढ्यात गठ्ठा असतो आणि ‘ऐच्छिक’ हा शब्द इंग्रजीत, बारीक अक्षरात. बँकेला विमा कंपनीकडून कमिशन मिळते, शाखेला उद्दिष्ट असते. कर्मचाऱ्याला दोष देऊन काही होत नाही. नियमच वेगळा हवा. विम्याचा प्रस्ताव मंजुरीपत्राबरोबर द्यावा, पण त्याची सही कर्ज वाटपाच्या दिवशी घेऊ नये. प्रीमियमचा व्यवहार कर्जखात्यातून नको, ग्राहकाच्या बचत खात्यातून हवा. ‘नको’ लिहिण्याचा रकाना ‘हवा’एवढाच मोठा हवा, आणि पत्रक गोव्यात मराठी-कोकणीत मिळावे. यावर बँकवाले म्हणतील की मग लोक विमा घेणारच नाहीत आणि घरे उघड्यावर पडतील. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही, काही लोक खरोखरच टाळतील. पण मग टर्म पॉलिसी दाखवली की सूट, किंवा ती बँकेच्या नावे विमा कायद्याच्या कलम ३८खाली तारण म्हणून वर्ग करून घ्यायची, हा मार्ग आहेच. बँकेची वसुली सुरक्षित राहते, ग्राहकाला स्वतःची कंपनी निवडता येते.

दाव्याच्या वेळची एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते. दावा दाखल केला म्हणजे हप्ते थांबत नाहीत. मृत्यूचा दाखला, रुग्णालयाचे कागद, अपघात असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल, बँकेचा कर्जबाकीचा दाखला, हे गोळा होईपर्यंत हप्ता द्यावाच लागतो, नाहीतर ९० दिवसांची मोजणी सुरू होते. वर सांगितलेली सहा हप्त्यांची शिल्लक इथेही कामी येते, पण ती जोडीदाराला हात लावता येईल अशा संयुक्त खात्यात असली तरच.

ज्यांची सही आधीच होऊन गेली आहे त्यांनी प्रमाणपत्र हाती आल्याची तारीख पाहावी. ३० दिवसांच्या आत विमा नको म्हणून लेखी कळवता येते; उलटून गेलेल्या दिवसांचा प्रीमियम, मुद्रांक आणि तपासणीचा खर्च वजा होऊन बाकी परत मिळते. प्रीमियम कर्जातून गेला असेल तर परतावा कर्जखात्यातच जमा होतो, तेव्हा पुढच्या उताऱ्यात मुद्दल तेवढे उतरले का ते तपासावे. पण आधी टर्म विमा हातात पडू द्यावा, मगच हा रद्द करावा. बँकेने सक्ती केली असेल तर शाखेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. विमा कंपनीविरुद्धची तक्रार आधी कंपनीकडे, मग विमा लोकपालाकडे. गोव्यासाठी ते कार्यालय मुंबईचे आहे, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात आणि वकील लावावा लागत नाही.

कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत द्यायला बँक बांधील आहे. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कर्जदार हयात नसेल तर हे कागद वारसांना कोणत्या पद्धतीने मिळतील, ते बँकेने आपल्या संकेतस्थळावर लिहून ठेवायचे असते. ते पान आजच काढून विम्याच्या प्रमाणपत्राला टाचून ठेवावे, आणि ती फाइल कुठे आहे ते घरात दोघांना तरी माहीत असावे.